उताराचे अडीच अंश

"कशाच्या मानाने?"

आमच्या आळीत कोणी नुसतं "आज फार उकडतंय" म्हटलं की समोरच्या ओटीवरून हा प्रश्न यायचा. विचारणारे गृहस्थ वर्तमानपत्रातून डोकंही वर काढायचे नाहीत. रत्नागिरीत मे महिन्यात उकडतंय हे कोणी माहिती म्हणून सांगत नाही, घाम पुसता पुसता तोंडातून निघून जातं. पण मास्तरांना ते विधान वाटायचं, आणि विधान केलंत तर त्याचा आधार दाखवा, असा त्यांचा खाक्या होता. "कालच्या मानाने? मुंबईच्या मानाने? की उकळत्या पाण्याच्या मानाने?" समोरचा माणूस हातातली पिशवी सावरत काढता पाय घ्यायचा.

असा एखादा तुमच्याही आळीत असेल. फरक एवढाच, की आमचे मास्तर घरातही तसेच होते. एकदा काकू आतून म्हणाल्या, "चहा गार झालाय, घ्या आता." मास्तरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "माझ्या डोक्याच्या मानाने," असं उत्तर आलं आणि चहा मुकाट्याने संपला.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते कॉलेजात पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसर जे फळ्यावर सांगायचे ते टेबलावर करून दाखवायचं, फुटलेल्या काचा गोळा करायच्या आणि मुलांच्या वहीत लाल शाईने "पुन्हा करा" लिहायचं. लेक्चरर व्हायची त्यांची फार इच्छा होती. दर वर्षी जून उजाडला की ती इच्छा कॉलेजच्या मंडळाच्या बैठकीत जायची आणि जुलैत परत यायची. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. काकू बोलत.

मी त्या वेळी बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत कारकून होतो. पन्नास सालानंतरचे ते दिवस, नवं सरकार, नव्या सोसायट्या, प्रत्येक गोष्टीचं उद्घाटन. आमच्या सोसायटीने बंदरावर कोल्ड स्टोरेज बांधलं. सुरमई आणि पापलेट गोठवून ठेवायचं, साठलं की लॉरीने मुंबईला पाठवायचं, असा बेत होता. खोली गार ठेवायला डिझेलचं इंजिन, आणि ती किती गार आहे हे सांगायला एक परदेशी विजेचं थर्मामीटर. खोलीच्या आत भिंतीवर प्लॅटिनमच्या तारेची एक कांडी, तिच्या वायर बाहेर ऑफिसात, आणि ऑफिसात काट्याची तबकडी. गारवा वाढला की तारेचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि त्यावरून काटा सरकतो. काटा शून्याखाली अठरावर आला की इंजिन थांबवायचं, वर गेला की पुन्हा चालू. दर दोन तासांनी आकडा रजिस्टरात लिहायचा. ते काम माझं.

हे यंत्र बरोबर आहे की नाही ते तपासून दाखला आणा, असं मुंबईच्या व्यापाऱ्याने कळवलं. दाखला देणार कोण? चेअरमनसाहेब कॉलेजच्या मंडळावरही होते. त्यांनी मास्तरांचं नाव काढलं. "काम नीट झालं तर जूनमध्ये बघू," असंही ते मास्तरांना म्हणाल्याचं मला काकूंकडून कळलं.

मास्तरांना तर देव पावला. सगळं जग ज्या मापाने मोजतं त्या मापाचंही माप असतं, आणि ते माप आपल्याकडे आहे, हे सांगायची संधी त्यांना इतक्या वर्षांत कोणी दिली नव्हती. त्यांच्याकडे स्वतः जुळवलेलं हवेचं थर्मामीटर होतं. नारळाएवढा काचेचा गोळा, त्यात कोरडी हवा, त्याला केसासारखी बारीक नळी आणि नळीच्या शेवटी पाऱ्याचा उभा स्तंभ. हवा गार झाली की तिचा दाब उतरतो, आणि तो किती उतरला ते पारा सांगतो. असे तीन गोळे मुंबईहून बोटीने येताना फुटले होते. हा चौथा. आमच्या दमट हवेत हवा कोरडी करायची म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. आठवडाभर ते प्रयोगशाळेत पंप मारत बसले होते.

"प्लॅटिनम झालं तरी धातू. त्याला वयोमान आहे, ओल आहे, मनःस्थिती आहे," ते मला म्हणाले. "हवा मात्र सरळ. जेवढी गार तेवढा दाब कमी. तिला खोटं बोलता येत नाही."

"पण मास्तर, मोजायला माणूसच लागतो ना?"

"त्यासाठीच तर शिकायचं," ते म्हणाले.

बर्फाच्या कारखान्यातून भुशात घातलेला बर्फ गोणीने वर कॉलेजात नेण्यात आला. गोळा बर्फात बुडवून शून्याचा दाब त्यांनी तिथेच पक्का केला. उरलेल्या बर्फाचं प्रोफेसरांनी सरबत केलं. मग प्रश्न आला तो हे सगळं वरून खाली नेण्याचा. आमचं कॉलेज वर कातळावर आणि बंदर खाली समुद्राला लागून. मधला उतार धक्के देणारा, आणि बैलगाडीवर मास्तरांचा विश्वास नव्हता. शेवटी एका खाटेवर गाद्या घालून, त्यावर थर्मामीटर आडवं निजवून, वर पांढरी चादर घालून चार हमालांनी ती खांद्यावर घेतली. पुढे मास्तर, बंद गळ्याचा कोट घालून, दर पावलाला "हळू, हळू" म्हणत. मागे मी. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. नाक्यावर कोणीतरी मला विचारलं, "कोण गेलां ओ?" मास्तरांनी मागे वळून सांगितलं, "अजून कोणी नाही. पण तुम्ही असेच आडवे आलात तर जाईल."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हवेचं थर्मामीटर एकटं पुरत नाही. पाऱ्याच्या स्तंभात त्या दिवशीचा बाहेरच्या हवेचा दाब मिळवावा लागतो, आणि तो बॅरोमीटरवर पाहावा लागतो. कॉलेजातला बॅरोमीटर पुरुषभर उंचीचा आणि भिंतीला स्क्रूने पक्का बसवलेला. म्हणून मास्तर सकाळी कॉलेजात जाऊन आकडा टिपायचे, कागद कोटाच्या खिशात घालायचे आणि बंदरावर उतरायचे. आठवडाभर रोज त्यांनी असं केलं. रोज तीनदा मोजलं, सरासरी काढली, सरासरीची सरासरी काढली. आम्हाला हे सगळं फार काटेकोर वाटलं.

खोलीत मास्तरांच्या बरोबर इंजिन चालवणारा कासमभाई असायचा. इंजिन आणि गार खोली या दोन्हींचा मालक तोच, असं म्हटलं तरी चालेल. खाडीपलीकडच्या गावातला. वीस वर्षं आगबोटींवर काढलेला, त्यातली बरीचशी मांस नेणाऱ्या बोटीच्या थंड कोठारांवर. मोजकं बोलायचा. पहिल्याच दिवशी तो मास्तरांना म्हणाला, "मास्तर, काटा काय सांगतोय तां तुमी बघा. पन माज्या हाताला हिची थंडी पुरी वाटत नाय."

मास्तरांनी चष्मा पुसला. "कशाच्या मानाने?"

"बोटीच्या."

"हे तुमचं मत झालं, कासमभाई. माप नव्हे."

कासमभाई हसला. "मासा माप बघत नाय, मास्तर."

मास्तरांनी हे बोलणं वहीत लिहून घेतलं नाही. आठवड्याने काट्याचा आकडा आणि हवेच्या थर्मामीटरचा आकडा शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्हींत केसाचाही फरक नव्हता. शून्याखाली अठरा, आणि शून्याखाली अठराच. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. पहिल्याच फटक्यात मुलाचं लग्न ठरल्यासारखे ते खुशीत होते. दाखला त्यांनी मार्चची तारीख घालून स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला, चेअरमनसाहेबांनी तो काचेत घालून ऑफिसात लावला, आणि कासमभाईचा हात हा पुढे बरेच दिवस चहाच्या वेळचा विनोद झाला. "हाताला विचारा हो, आज भजी खावीत का?" हा विनोद मीही केलेला आहे.

मे महिन्यात पहिला मोठा माल मुंबईला गेला आणि मुंबईहून तार आली. मासा पिवळा पडला होता, चरबीला वास होता, निम्मा माल टाकून द्यावा लागला होता. चेअरमनसाहेब काचेतल्या दाखल्यासमोर उभे राहिले, मग माझं रजिस्टर चाळलं. सगळीकडे अठरा, अठरा, अठरा. मग लॉरीवाल्याची चूक ठरली. नंतर पाऊस लागला, चार महिने काहीच हललं नाही, मास्तरांचं जूनचं कामही नाही, आणि पावसानंतर गेलेला दुसरा माल तर मुंबईकरांनी लॉरीतून उतरवूनच घेतला नाही.

आता लॉरीवाला पुरेसा नव्हता. दाखला सांगतो यंत्र बरोबर. रजिस्टर सांगतं गारवा बरोबर. मग मासा नासला कसा? म्हणजे कोणीतरी मधल्या मधे इंजिन बंद ठेवून झोपा काढतं आणि आकडा बघायची वेळ झाली की चालू करतं. असं कोणी म्हणालं नाही आणि सगळ्यांनी म्हटलं. कासमभाईला घरी बसायला सांगितलं गेलं आणि चौकशी बसली.

चौकशी म्हणजे चेअरमनसाहेब, मॅनेजर आणि तीन सभासद. कासमभाई दाराशी उभा होता. तो एवढंच बोलला, "मी झोपलो नाय. पयल्या दिवसापासनं सांगतोय, खोली थंड नाय. मासा हातात घेवन बघा."

चेअरमनसाहेबांनी मला विचारलं, "रजिस्टर तुम्ही लिहिता?"

"होय."

"काटा पाहून?"

"होय."

"कधी आत जाऊन पाहिलंत?"

आता खरं सांगतो. मे महिन्यात माल भरायच्या आदल्या दिवशी कासमभाईने मला हाताला धरून आत नेलं होतं. एक सुरमई पुढे करून म्हणाला होता, "नख लावा." मी नख लावलं. गोठलेला मासा दगडासारखा हवा. माझं नख थोडं आत गेलं. मी तसाच बाहेर आलो, तबकडी पाहिली, अठरा लिहिलं. माझी नोकरी काटा पाहून लिहायची होती, नख लावायची नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"नाही साहेब," मी म्हणालो. "आत कधी गेलो नाही."

कासमभाईने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. माझं खोटं उघड करावं असं त्याला वाटलं असेल, पण त्या खोलीत त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. पंधरा दिवसांनी निकाल द्यायचं ठरलं. निकाल काय, तो सगळ्यांना ठाऊक होता. घरी बसलेल्या कासमभाईला गावातला कोणी मासेमारीच्या लाँचवरही काम देईना, कारण झोपाळू माणसाच्या हाती इंजिन कोण देणार?

त्या पंधरवड्यातली गोष्ट. वादळाची सूचना काय आहे ते विचारायला मॅनेजरने मला बंदर कचेरीत पाठवलं. मास्तर वाटेत भेटले आणि बरोबर आले. कासमभाईच्या प्रकरणाने ते अस्वस्थ होते, पण दाखल्याबद्दल त्यांच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. "माणूस चांगला आहे हो," ते मला म्हणत होते, "पण आकडे काय करणार?"

बंदर कचेरीच्या भिंतीवर एक जुना बॅरोमीटर होता. मास्तरांना बॅरोमीटर दिसला आणि त्यांनी पाहिलं नाही, असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी पाहिलं, खिशातून सकाळचा कॉलेजातला कागद काढला, पुन्हा पाहिलं आणि कचेरीतल्या म्हाताऱ्या शिपायाला म्हणाले, "आबा, तुमचा बॅरोमीटर चुकतोय. साडेसहा मिलिमीटरने जास्त दाखवतोय."

आबा सुपारी कातरत होता. "चुकत नाय तो."

"अहो, माझ्याकडे आजचाच आकडा आहे. कॉलेजातला."

"मग तसांच होयल," आबा म्हणाला. "तुमी ऱ्हाता वर कातळावर. आमी खाली पान्यात. वरचा आकडा खाली चालत नाय, आमच्या सायबानी पयल्याच दिवशी सांगितलान."

मास्तरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, पुन्हा काढली. उंचीवर हवेचा दाब कमी असतो हे मास्तर दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. हिमालयाचं उदाहरण देत. बर्फाच्छादित शिखर, धापा टाकणारा गिर्यारोहक, फळ्यावर सुंदर चित्र काढत. आणि रोज जो चढ चढताना त्यांना स्वतःला धाप लागायची, तो त्यांच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. वरची हवा खिशात घालून त्यांनी खालचा गारवा मोजला होता. आठवडाभर, रोज तीनदा.

त्या दिवशी ते माझ्याबरोबर चढ चढले ते वाटेत चार ठिकाणी थांबून. घराशी आल्यावर म्हणाले, "साडेसहा मिलिमीटर म्हणजे अडीच अंश. मी खोली अडीच अंश जास्त गार सांगितली. आणि काटाही नेमका तेवढाच खोटं बोलत होता. दोन खोटी माणसं भेटली आणि मी म्हटलं, बघा, साक्ष जुळली." मग दाराची कडी काढता काढता, "तो पहिल्या दिवसापासून सांगत होता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट निघाली. या वेळी रस्त्यावर कोणी हात जोडले नाहीत, लोकांना सवय झाली होती. चेअरमनसाहेबांची परवानगी मास्तरांनी घेतली नाही. मॅनेजरला म्हणाले, "माझं यंत्र आहे, माझा दाखला आहे, माझा मला बघू द्या." खाडीपलीकडे निरोप पाठवून कासमभाईला बोलावून घेतलं. आबाकडून दर तासाला दाब मागवला. ऑफिसातला काटा अठरावर होता. मास्तरांनी हिशेब केला, वही कासमभाईसमोर धरली. कासमभाईला अक्षरं येत नसत, आकडे येत. शून्याखाली दहा.

मग मास्तरांनी भिंतीवरच्या कांडीची डबी उघडायला सांगितली. तारा जिथे जोडलेल्या असतात ती डबी, जी मार्चमध्येच उघडायला हवी होती. आत पांढरं मीठ साचलं होतं आणि पितळ हिरवं पडलं होतं. बसवणाऱ्याने डबीचं तोंड बंदच केलं नव्हतं. समुद्राची खारी ओल आत शिरत होती, थोडी वीज तारेतून न जाता त्या ओलीतूनच पळ काढत होती, आणि काटा खोली आहे त्याहून गार दाखवत होता. मार्चमध्ये अडीच अंश. चार महिन्यांच्या पावसाने ते आठ झाले होते. मास्तरांनी स्पिरिटने डबी पुसली, वाळवली, मेणाने बंद केली. बाहेर काटा हळूहळू दहावर येऊन थांबला. मॅनेजर काट्याकडे पाहत राहिला, मी रजिस्टराकडे.

निकालाच्या दिवशी चेअरमनसाहेबांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. चेअरमनसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना सगळ्यांचं भलं हवं होतं, फक्त ते कागदावर नीट बसायला हवं होतं.

"मास्तर, आपण असं लिहू," ते म्हणाले. "पावसात ओल शिरली, यंत्र बिघडलं. दैवी आपत्ती. दाखला मार्चचा, तेव्हा सगळं बरोबर होतं. तुमचं नाव राहिलं, सोसायटीचं राहिलं. कासमलाही आपण कामावर घेऊ, ताकीद देऊन."

"ताकीद कशाची?"

"मेमधला माल नासला त्याची. तो तर पावसाआधीचा ना. तेव्हा यंत्र बरोबर होतं."

आता त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं की काय चाललं आहे. मास्तरांनी मान हलवली असती तर कासमभाईला नोकरी मिळाली असती, कपाळावर झोपाळू असा शिक्का घेऊन. आणि पुढचा जून होताच. चेअरमनसाहेबांनी तोही विषय काढला, अगदी सहज, चहाची बशी पुढे सरकवत.

मास्तरांनी चहा घेतला नाही. "साहेब, आठ अंशांची चूक आहे," ते म्हणाले. "त्यातले साडेपाच पावसाचे. अडीच माझे आहेत. ते मी पावसाच्या नावावर कसे घालू?"

"अहो, पण कोण विचारतंय?"

"हा विचारतोय," मास्तर म्हणाले आणि कासमभाईकडे बोट केलं. "मार्चपासून."

त्यांनी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहिलं. माझा मार्चचा दाखला चुकीचा आहे. मी कॉलेजातला हवेचा दाब बंदरावर वापरला आणि मधला उतार विसरलो. त्यामुळे खोली होती त्याहून अडीच अंश अधिक गार ठरली. कासमभाईंनी खोली पुरेशी गार नसल्याचं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं व ते बरोबर होतं. खाली सही. चेअरमनसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि काचेतला दाखला स्वतः खिळ्यावरून उतरवला. नवा कागद मात्र त्यांनी काचेत घातला नाही.

ताकीद गेली. कासमभाई दुसऱ्या दिवशी कामावर आला. मीही बोलायला हवं होतं. बोलायला जागाही होती, मास्तरांनी ती करून दिली होती. मी कागदाची नक्कल उतरवत बसलो.

जूनमध्ये मास्तर लेक्चरर झाले नाहीत. त्या जूनमध्ये नाही आणि पुढच्याही नाही. कॉलेजात मुलं त्यांना पाठीमागे "उतार" म्हणू लागली. मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यांनी हिमालयाचं चित्र काढायचं सोडलं. त्याऐवजी एक छोटा बॅरोमीटर पिशवीत घालून ते पहिल्या वर्षाच्या मुलांना बंदरापर्यंत चालवत न्यायचे, खाली आबाच्या कचेरीत आकडा वाचायला लावायचे आणि पुन्हा चढवायचे. वर आल्यावर धापा टाकणाऱ्या मुलांना सांगायचे, "हे मी विसरलो होतो." आळीतले लोक हसायचे. मीही हसायचो, पण मला त्यांचा हेवा वाटायचा. इतक्या सहज ते वाक्य म्हणता येणं मला कधीच जमलं नाही.

कोल्ड स्टोरेजमध्ये ते महिन्यातून एकदा यायचे, कोणी बोलावलं नाही तरी. कासमभाई आणि ते आत जायचे आणि दहा मिनिटांनी कुडकुडत बाहेर यायचे. आत काय बोलायचे कोणास ठाऊक. एकदा विचारलं तर कासमभाई म्हणाला, "बोलत नाय काय. ते थर्मामीटर बगतंत, मी मासा बगतो. मग बाहेर येवन जुळवतो."

मास्तर गेले ते काही वर्षांनी, मे महिन्यातल्याच एका सकाळी, अंघोळीला पाणी काढता काढता. मुलगा मुंबईला. तार केली, तो दुसऱ्या दिवशी पोचणार होता. आळीतली माणसं ओटीवर जमली आणि दबक्या आवाजात बोलू लागली. उकाडा असा, की कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. तेवढ्यात चढावरून बैलगाडी आली. गाडीत भुशात बर्फाच्या लाद्या, आणि गाडीमागे खांदा लावून कासमभाई. बैल चढाला दमले होते. मी ओटीवरून उतरून त्याच्या शेजारी खांदा लावला.

एकदोघांनी ओटीवर नजरानजर केली. काकू दारात आल्या. "आत या, कासमभाई," त्या म्हणाल्या, आणि ओटी बाजूला झाली.

दुपारभर तो आतल्या खोलीत होता. लाद्या फोडायच्या, गोणपाटात बांधायच्या, मास्तरांच्या दोन्ही अंगांना लावायच्या, वितळलेलं पाणी घमेल्यात निपटायचं. मला त्याने पाटीने बर्फ आणून द्यायला सांगितलं. मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती, म्हणून मी कासमभाईच्या हातांकडे पाहत होतो. मग ते कधी तोंडून निघालं मलाच कळलं नाही.

"कासमभाई, चौकशीत मी खोटं बोललो. मी आत आलो होतो."

त्याने लादीवर घाव घालायचं थांबवलं नाही.

"ठावां हाय मला," तो म्हणाला. "मीच नेलां होतां तुमाला आत. आता ती पाटी हिकडं करा. मास्तरांचं पाय उघडं पडलंत."